टेक्सासच्या कौंटीतला घटस्फोट, डिक्रीची प्रत आणि पुण्यात लागलेलं लग्न

टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. लग्न २०१३ साली पुण्यात, वैदिक पद्धतीने, नोंदणीही तिथलीच. आठ वर्षांची मुलगी, जन्म अमेरिकेतला. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, प्रश्न विचारणाऱ्या बाई एच-४वर, म्हणजे त्याची पत्नी म्हणून मिळालेल्या व्हिसावर. गेलं सव्वा वर्ष एकाच घरात पण वेगवेगळं राहणं चालू आहे. भांडण नाही, वेगळं व्हायचं दोघांनी मिळून ठरवलंय. बाणेरला दोघांच्या नावावर फ्लॅट आहे. त्यांना तीन गोष्टी हव्यात: कौंटी (जिल्ह्यासारखा विभाग) कोर्टात अर्ज कसा करायचा, डिक्रीची, म्हणजे घटस्फोटाच्या अंतिम हुकुमाची, प्रत कुठून मिळते, आणि "अमेरिकेतला घटस्फोट आपल्याकडे चालत नाही" हे बारामतीच्या काकांचं म्हणणं खरं का.

काकांपासूनच सुरुवात करते, कारण ते अर्धे बरोबर आहेत. मी पुण्यात वकिलीची सनद घेऊन चार वर्षं शिवाजीनगर कोर्टात काढली आणि गेली अठरा वर्षं टेक्सासमध्ये कौटुंबिक खटलेच चालवते. दोन्हीकडचे कागद हाताखालून गेल्यावर एवढं नक्की सांगते की संमती असेल तर इथे डिक्री मिळवायला फार अक्कल लागत नाही. ती सगळी लागते डिक्रीचा मजकूर लिहिताना. उद्या तोच कागद पुण्यातल्या न्यायाधीशापुढे गेला तर त्यांना हवं ते त्यात सापडलं पाहिजे, आणि इथल्या छापील नमुन्यात ते नसतं.

काकांच्या म्हणण्यामागे बहुधा १९९१चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल असतो, वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी. लग्न १९७५ साली तिरुपतीला झालेलं. नवऱ्याने मिझुरी राज्यातल्या सेंट लुईस कौंटीच्या सर्किट कोर्टातून, तिथे ९० दिवस राहिल्याच्या आधारावर, घटस्फोट मिळवला. कारण दिलं की विवाह पार मोडलेला आहे. बायको भारतात, तिने लेखी हरकत पाठवली होती. नंतर नवऱ्याने दुसरं लग्न केलं आणि बायकोने द्विभार्या विवाहाची फिर्याद केली. सर्वोच्च न्यायालयाने ती डिक्री मानली नाही. हिंदू विवाह कायद्याखाली लागलेलं लग्न मोडायचं तर कोर्टाचा अधिकार आणि घटस्फोटाचं कारण, दोन्ही त्याच कायद्यात बसायला हवीत, असा मूळ नियम सांगितला. पण त्याला तीन अपवादही सांगितले, आणि काका तिथपर्यंत वाचत नाहीत. पहिला, समोरचा पक्ष तिथेच कायमचा राहतो आणि कारणही आपल्या कायद्यातलं आहे. दुसरा, समोरचा स्वतःहून त्या कोर्टात हजर झाला आणि आपल्या कायद्यातल्या कारणावर त्याने खटला लढवला. तिसरा, समोरच्याने घटस्फोटाला संमती दिली. तुमचं प्रकरण या तिसऱ्या अपवादात नीट बसतं. फक्त ती संमती कागदावर दिसली पाहिजे. त्याकडे येतेच.

आधी कौंटी. फ्रिस्को गाव कॉलिन आणि डेंटन अशा दोन कौंट्यांत विभागलेलं आहे, आणि दहा वर्षं राहिलेल्यांनाही आपण कुठल्या बाजूला हे ठाऊक नसतं. घराच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर बघा, भाड्याने असाल तर कौंटीच्या संकेतस्थळावर पत्ता घालून बघा. कॉलिन असेल तर कोर्ट मॅकिनीला, डेंटन असेल तर डेंटन गावात. दोघांपैकी एकजण टेक्सासमध्ये किमान सहा महिने आणि त्या कौंटीत किमान ९० दिवस राहिलेला असला की अर्ज करता येतो. व्हिसावर आहात म्हणून कोणी अडवत नाही. मात्र परवाच प्लेनोहून डेंटनच्या बाजूला घर बदललं असेल तर ते ९० दिवस नव्याने मोजावे लागतील.

दुसरा घोळ ऑफिसचा. आपण सरसकट "कौंटी कोर्ट" म्हणतो, पण टेक्सासमध्ये घटस्फोट साधारणपणे डिस्ट्रिक्ट कोर्टात चालतो आणि त्याची फाइल डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे असते. कौंटी क्लार्क वेगळा. तो लग्नाचं लायसन्स देतो, जमिनीचे दस्त ठेवतो. डिक्रीची प्रत मागायला कौंटी क्लार्कच्या खिडकीवर तासभर उभं राहिलेले किती तरी लोक मला भेटलेत.

आता अर्ज करायच्याही आधीचं काम: इमिग्रेशनचा वकील. माझ्या ऑफिसात येणाऱ्या एच-४वरच्या बायकांना मी पहिल्या भेटीत दुसरं काही विचारतच नाही. डिक्रीवर न्यायाधीशाची सही होते त्या दिवशी तुमच्या एच-४चा आधार जातो. नोकरी सुटल्यावर एच-१बीवाल्याला जे ६० दिवस मिळतात, ते इथे आहेत असं धरून चालू नका. एच-४वरून मिळालेलं वर्क परमिटही त्याच आधारावर उभं असतं. ग्रीनकार्ड अजून मंजूर झालेलं नसेल तर नवऱ्याच्या रांगेतली तुमची जागाही जाते. म्हणून स्वतःचा एच-१बी, विद्यार्थी व्हिसा, जे काही शक्य असेल त्याचा अर्ज डिक्रीच्या आधी दाखल झालेला हवा. कायद्याने अर्जानंतर ६० दिवस थांबावंच लागतं, पण साठाव्या दिवसानंतर लगेच डिक्री घ्या अशी सक्ती कुठेही नाही. सामंजस्य असेल तर नवऱ्याला सांगून चार महिने थांबा. मी हे दोन्ही पक्षांच्या सहमतीने अनेकदा केलंय. कोर्टाला फक्त प्रकरण पडून राहिलेलं आवडत नाही, ते काढून टाकण्याची नोटीस येते, तेवढं लक्षात ठेवायचं.

अर्जाचं नाव ओरिजिनल पिटिशन फॉर डिव्होर्स. वकील ऑनलाइनच दाखल करतात, वकिलाशिवाय करणाऱ्यालाही ईफाइलटेक्सासवरून करता येतो. फी कौंटीनुसार बदलते, साधारण साडेतीनशे डॉलरच्या आसपास धरा. परवडत नसेल तर तसं प्रतिज्ञापत्र देऊन माफी मागता येते. अर्ज दाखल झाला की कॉज नंबर, म्हणजे खटल्याचा क्रमांक, पडतो. तो फोनमध्ये, डायरीत, आईच्या व्हॉट्सअॅपवर, जिथे जमेल तिथे लिहून ठेवा. दहा वर्षांनी प्रत मागताना सगळं त्याच्यावर चालतं. कारणाच्या जागी टेक्सासचा नेहमीचा शब्द येतो इनसपोर्टेबिलिटी, म्हणजे स्वभाव इतके जुळत नाहीत की संसार पुढे जाणं शक्य नाही, दोष कोणाचाच नाही. कॉलिन आणि डेंटन दोन्हीकडे अर्जासोबत एक स्टँडिंग ऑर्डर आपोआप लागू होते: मुलीला शाळेतून काढायचं नाही, विमा बंद करायचा नाही, पैसे इकडचे तिकडे लपवायचे नाहीत. ती वाचा. "आमचं तर भांडण नाही" म्हणून न वाचता सही करणारेच पुढे अडकतात.

नवऱ्याला नोटीस. भांडणाच्या प्रकरणात कॉन्स्टेबल किंवा खासगी माणूस समन्स बजावतो आणि मग उत्तराची मुदत असते ती अशी: २० दिवस संपल्यानंतर येणारा सोमवार, सकाळी दहा वाजता. सामंजस्याच्या प्रकरणात बहुतेक लोक वेव्हर ऑफ सर्व्हिस वापरतात. नोटरीसमोर सही केली की समन्सची गरज नाही. ही सही अर्ज दाखल झाल्यानंतरचीच हवी, आधी करून ठेवलेली चालत नाही. पण भारतात लग्न झालेल्या जोडप्याला मी वेव्हर देऊच देत नाही. छापील वेव्हरमध्ये "मला आणखी सूचना न देता प्रकरण निकाली काढा" अशा अर्थाचा मजकूर असतो. इथे ते सोयीचं, पण पुण्यातला न्यायाधीश तो कागद वाचून म्हणू शकतो की हा माणूस कोर्टात आलाच नव्हता. त्यापेक्षा नवऱ्याने साधं लेखी उत्तर दाखल करावं: मी हजर आहे, या कोर्टाचा अधिकार मला मान्य आहे, घटस्फोटाला माझी राजीखुशीने संमती आहे. काम दोन पानांचं, पण संमतीचा प्रश्न तिथेच मिटतो.

डिक्रीतही तेच पुन्हा यायला हवं. मी अशा डिक्रीत चार गोष्टी घालतेच. लग्न कुठे, कुठल्या तारखेला आणि हिंदू विवाह कायदा, १९५५ याखाली झालं. दोघेही जातीने हजर होते आणि दोघांनी या कोर्टाचा अधिकार मान्य केला. दोघे अमुक तारखेपासून पती-पत्नी म्हणून एकत्र राहत नाहीत. आणि विवाह परस्परसंमतीने संपवावा अशी दोघांची विनंती आहे. शेवटच्या पानावर "मजकूर आणि तपशील दोन्हींस संमती" या अर्थाच्या ओळीखाली दोघांच्या सह्या. यातल्या तिसऱ्या गोष्टीचं कारण सांगते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-बमध्ये परस्परसंमतीसाठी एक वर्ष वेगळं राहणं लागतं, आणि एकाच छपराखाली असूनही पती-पत्नी म्हणून न राहणं त्यात मोजतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्येच दुसऱ्या एका खटल्यात स्पष्ट केलंय. तुमचं सव्वा वर्ष झालंय, म्हणजे ते खरेपणाने लिहिता येतं. ज्यांचं झालेलं नाही त्यांनी तारीख मागे ओढू नये. हा शपथेवरचा कागद आहे. थोडं थांबावं.

इथले वकील कधी कधी कुरकुरतात, "एवढं कशाला, टेक्सासला याची गरज नाही." टेक्सासला नाहीच. तुम्हाला आहे, म्हणून आग्रह धरा.

मुलीचं थोडक्यात. दोघे जॉइंट मॅनेजिंग कन्झर्व्हेटर (म्हणजे पालकत्वाचे हक्क आणि जबाबदाऱ्या दोघांकडे), मुलगी मुख्यतः कोणाकडे राहणार, भेटीचं वेळापत्रक, आणि पोटगी: एका मुलाला निव्वळ उत्पन्नाच्या २० टक्के, ठरलेल्या कमाल उत्पन्नापर्यंत. भारताने मुलांच्या अपहरणाबाबतच्या १९८०च्या हेग करारावर सही केलेली नाही, म्हणून इथली कोर्टं भारतप्रवासाच्या बाबतीत जरा दचकून असतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजी-आजोबांकडे जाण्याचं कलम आधीच लिहा: किती दिवस आधी कळवायचं, तिकिटं दाखवायची, अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कोणाकडे राहील. सोळा वर्षांखालच्या मुलाच्या पासपोर्टला दोघांची संमती लागते, तेव्हा नूतनीकरणाचंही त्यातच मिटवा.

मालमत्ता. लग्नानंतर कमावलेलं टेक्सास दोघांचं मानतं, मग ते प्लेनोच्या बँकेत असो की पुण्याच्या. पीपीएफ, मुदतठेवी, सगळं जाहीर करावं लागतं. ४०१(के), म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीनिधीच्या, वाटणीला डिक्री पुरत नाही, वेगळा आदेश लागतो आणि तो त्याच वेळी करून घ्यायचा. नंतर करू म्हणणाऱ्यांचं ते राहून जातं.

बाणेरच्या फ्लॅटवर मात्र थांबते. टेक्सासचा न्यायाधीश नवऱ्याला "सही कर" म्हणू शकतो, पण फ्लॅटचं नाव बदलतं ते पुण्यात दुय्यम निबंधकांकडे नोंदलेल्या दस्तानेच. आणि इथे एक वेळेची गंमत आहे. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला बक्षीसपत्राने दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार असेल तो वेगळा. डिक्री झाली की तुम्ही पती-पत्नी उरत नाही आणि ही सवलत गेली. मग त्याच अर्ध्या हिश्श्यावर नेहमीच्या दराने शुल्क, म्हणजे काही लाखांचा फरक. म्हणून कोणाच्या नावावर करायचा ते ठरलं असेल तर डिक्रीच्या आधी करा. दस्ताचा मजकूर पुण्यातल्या वकिलाकडून घ्या, कारण त्यात मोबदल्याची भाषा शिरली की ते बक्षीसपत्र राहत नाही. कर्ज बाकी असेल तर बँकेचं ना-हरकत आधी. प्रत्यक्ष जाणं शक्य नसेल तर कुलमुखत्यारपत्र इथे नोटरीसमोर करून अपोस्टिल करायचं (म्हणजे कागदावरची सही-शिक्का खरा असल्याचं परदेशात चालणारं सरकारी प्रमाणपत्र जोडायचं), आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायचा.

नावाचं प्रकरण इथल्या वकिलांना कळत नाही, म्हणून तेही सांगते. लग्नानंतर तुमचं मधलं नावही बदललंय, वडिलांच्या जागी नवऱ्याचं आलंय. इथला वकील फक्त माहेरचं आडनाव परत लिहितो, आणि डिक्रीनुसार तुम्ही माहेरच्या आडनावाच्या पण मधे माजी नवऱ्याचं नाव असलेल्या बाई होता. पूर्वी वापरलेलं पूर्ण नाव, जुन्या पासपोर्टवर होतं त्याच स्पेलिंगने, तीनही शब्दांसकट डिक्रीत लिहायला सांगा. सहीनंतर ३० दिवसांत चूक सापडली तर दुरुस्ती सोपी असते. नंतर लिखाणातली चूक सुधारायला वेगळा अर्ज करावा लागतो. नावबदलाचं छोटं प्रमाणपत्रही क्लार्ककडून मिळतं. बँकेत, लायसन्सच्या ऑफिसात सगळी डिक्री उघडून दाखवावी लागत नाही.

साठ दिवसांनंतर प्रूव्ह-अप, म्हणजे पाच-दहा मिनिटांची सुनावणी. आता बऱ्याच न्यायाधीशांकडे प्रतिज्ञापत्रावरही होते. तुम्ही दोघांनी मात्र हजेरी लावाच, व्हिडिओवर का होईना, आणि हजेरी डिक्रीत नोंदवून घ्या.

आता प्रती. "डिव्होर्स रेकॉर्ड" या एकाच नावाखाली तीन वेगळे कागद मिळतात. पहिला ऑस्टिनच्या आरोग्य खात्याचं व्हेरिफिकेशन लेटर. १९६८पासूनच्या घटस्फोटांची नोंद त्यांच्याकडे असते, पण पत्रात नावं, तारीख आणि कौंटी एवढंच, अटी काहीच नाहीत. दुसरा डिक्रीची साधी झेरॉक्स किंवा संगणकावरून उतरवलेली पीडीएफ. तिसरा सर्टिफाइड कॉपी, डिस्ट्रिक्ट क्लार्कची सही आणि शिक्का असलेली. भारतात चालते ती ही तिसरी.

माझ्या एका अशिलाने स्वतःच्या हुशारीने ऑस्टिनचं पत्र मागवलं, त्यावर अपोस्टिल घेतलं आणि दुसऱ्या लग्नाच्या नोंदणीसाठी भारतात गेला. तिथल्या कारकुनाने पत्र उलटंपालटं करून विचारलं, "यात कोर्टाने काय म्हटलंय?" लग्नाला नऊ दिवस राहिले होते. दुसऱ्या एकाने डिक्रीच्या झेरॉक्सवर इथल्या नोटरीचा शिक्का मारून त्यावर अपोस्टिल घेतलं होतं. ते अपोस्टिल फक्त नोटरीची सही खरी असल्याचं सांगतं, डिक्रीबद्दल काहीच नाही. शिवाय कोर्टाच्या कागदाची प्रत खरी आहे असं म्हणण्याचा अधिकार टेक्सासच्या नोटरीला नाहीच. मघाच्या सेंट लुईस कौंटीच्या खटल्यातही पहिली ठेच इथेच लागली होती. नवऱ्याने डिक्रीची फोटोकॉपी दिली, खालच्या कोर्टाने ती धरली, आणि उच्च न्यायालयाने म्हटलं की याने काही सिद्ध होत नाही. उलट प्रमाणित प्रत दाखवली तर त्या कोर्टाला अधिकार होता असं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४नुसार प्रथमदर्शनी गृहीत धरतात, समोरच्याने उलट दाखवेपर्यंत.

प्रत मागणं सोपं आहे. खिडकीवर, टपालाने किंवा डिस्ट्रिक्ट क्लार्कच्या संकेतस्थळावरून. कॉज नंबर द्या. नसेल तर दोघांची नावं आणि साल, तेवढ्यावर शोधून देतात. पानाला साधारण एक डॉलर आणि वर प्रमाणपत्राचं काही असेल ते. डिक्री सार्वजनिक कागद आहे, कोणीही मागू शकतं. मंडळाच्या गणपतीत कुजबुज करणारेही. म्हणून पैशांचा तपशील वेगळ्या करारात ठेवून डिक्रीत त्याचा नुसता उल्लेख करता येतो. मी मात्र त्या कराराचीही दोघांच्या सह्यांची प्रत जपून ठेवायला लावते.

चार प्रती एकदम घ्या. त्यातल्या दोन ऑस्टिनला सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे अपोस्टिलला पाठवा, फॉर्म २१०२ भरून, देश म्हणून भारत लिहून, प्रत्येकी १५ डॉलर आणि परतीचा लिफाफा जोडून. भारत २००५पासून अपोस्टिल मानतो, त्यामुळे वकिलातीचा वेगळा शिक्का लागत नाही. आणि स्टेपल काढू नका. स्कॅन करायला म्हणून पानं सुटी केली की प्रमाणित प्रत मोडली असं धरतात, मग पुन्हा पहिल्यापासून. स्कॅन हवं तर पाचवी साधी प्रत घ्या.

डिक्रीनंतर टेक्सासमध्ये ३० दिवस दुसऱ्या कोणाशी लग्न करता येत नाही, एकतिसाव्या दिवसापासून येतं. पुण्यात पुन्हा १३-बखाली अर्ज करावा का, हा प्रश्न राहतो. दोघांच्या सह्यांची, वर सांगितली तशी डिक्री असेल तर माझ्या मते बहुतेकांना गरज पडत नाही. पण दोघांपैकी कोणी भारतात परतून दुसरं लग्न करणार असेल, किंवा सासर-माहेरच्या मालमत्तेत आज ना उद्या वाद होणार असं दिसत असेल, तर आत्ता सामंजस्य आहे तोवरच तोही अर्ज करून टाका. त्या अर्जानंतर थांबायची सहा महिन्यांची मुदत माफ करण्याची मुभा २०१७पासून कोर्टाला आहे आणि हजेरी व्हिडिओवरून मागता येते. सगळ्यात आधी मात्र टॅक्सचं बिल काढून कौंटी कुठली ते बघा आणि या आठवड्यातच इमिग्रेशनच्या वकिलाची वेळ घ्या. काकांना तिसऱ्या अपवादाचं मी सांगितलंय म्हणा.